गाळलेली सोळा मिनिटं

आमच्या वडिलांची ९० मिनिटांची एक कॅसेट होती, १९८३ च्या गणपतीतली. आरती-भजन उरकून मंडळी पांगली होती, चार-पाच जुनी माणसं तेवढी मागं रेंगाळली होती. वडिलांनी पायपेटी पुढं ओढली आणि 'सौभद्र'मधली पदं सुरू केली. टेप मी लावला होता. माइक खुंटीला टांगलेला, त्यामुळं गाण्याइतकाच भिंतीवरच्या घड्याळाचा आवाजही आला होता. एक बाजू ४५ मिनिटांची, दुसरीही तेवढीच. पुढं २००० साली ती सीडीवर उतरवायला बसलो, तर सीडी ७४ मिनिटांची. सोळा मिनिटं वर उरली.

काय गाळायचं ते ठरवायला मला फार वेळ लागला नाही. दोन पदांच्या मधली बडबड गाळली. पट्टी वर की खाली यावरची हुज्जत, कपबशांचा आवाज, कुणाच्या तरी म्हशीची चौकशी, आईनं आतून 'आता पुरे करा' म्हणून दिलेली हाक, सगळं गाळलं. पदं नीट राखली. दुसरी सीडी लावायला काय झालं होतं, असं आज वाटतं. पण तेव्हा सीड्या मोजून दहाच होत्या आणि त्या जपून वापरायच्या होत्या.

त्या पदांचं आज काही अडत नाही. मोठमोठ्या गायकांनी गायलेली तीच पदं मोबाइलवर हवी तेव्हा मिळतात, वडिलांपेक्षा दसपट चांगली. आईची ती हाक मात्र आता कुठंच नाही.

मी सांगलीचा, टेलिफोन खात्यात ३७ वर्षं काढली. तारा जोडणं, झाळणं, खरखर कुठून येते ते शोधणं हा पोटापाण्याचा धंदा. त्यामुळं मेहुण्यांनी सिंगापूरहून घरगुती सीडी रेकॉर्डर आणला, तेव्हा तो माझ्याकडंच येणार हे ठरलेलं होतं. आजच्या पोरांना हे यंत्र ठाऊक नसतं. सीडी 'बर्न' करायची म्हणजे संगणकावर, एवढंच त्यांना माहीत. पण १९९७ च्या सुमारास फिलिप्ससारख्या कंपन्यांनी घरच्या स्टिरिओला जोडायचे रेकॉर्डर बाजारात आणले होते. दिसायला कॅसेट डेकसारखेच. ॲम्प्लिफायरवर ठेवायचा, मागं लाल-पांढऱ्या पिना खोचायच्या, पुढचं लाल बटण दाबायचं. संगणकाचा संबंधच नाही. डेकमधून येणारा आवाज हे यंत्र सेकंदाला ४४,१०० वेळा मोजायचं आणि ती मापं लेझरनं चकतीवर डागायचं.

सगळं चालायचं घड्याळाच्या गतीनं. तासाची कॅसेट उतरवायला एक तास, वर आधीची तयारी. स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसानं हेड पुसायचं, कॅसेट एकदा पुढं एकदा मागं गुंडाळून सैल करायची, आतली नमद्याची बारकी गादी निघाली असेल तर चिकटवायची. मग सगळ्यात मोठा आवाज कुठं आहे ते शोधून पातळी लावायची. कॅसेटमध्ये काटा तांबड्यात गेला तरी आवाज जरा जाड होतो, इतकंच. सीडीत शून्य डेसिबलच्या वर जागाच नाही. तिथं पोचलात की कडकड. वडिलांच्या वरच्या षड्जानं माझ्या दोन सीड्या वाया घालवल्या. हयात असते तर खूश झाले असते.

तासभर तिथं बसावंच लागायचं, आणि नुसतं बसून करणार काय? ऐकायचं. हा कुणाचा आवाज, हे कुठल्या वर्षीचं, मागं कोण रडतंय हे शेजारी बसलेली ताई सांगायची आणि मी वहीत टिपायचो. ती वही आज सीड्यांपेक्षा मोलाची झाली आहे.

आता आत्याचं. माझी आत्या ओव्या म्हणायची. १९८४ साली तिच्या ६० मिनिटांच्या कॅसेटभर ओव्या भरून घेतल्या होत्या. तोवर घरात मिक्सर आला होता आणि जातं परसात पालथं पडलं होतं. हाताला खुंटा नाही तर ओवी कशी आठवणार, म्हणून ती आधी कुरकुरली. मग गुडघ्यावर हात फिरवत म्हणायला लागली. एक ओवी झाली की थांबायची, आठवायची, पुढची म्हणायची. रेकॉर्डरला एक खोड होती. आवाज दोन-तीन सेकंद बंद पडला की गाणं संपलं असं समजून तो नवा ट्रॅक सुरू करायचा. मी पाणी प्यायला आत गेलो आणि परत येऊन बघतो तर काय, लेकाच्यानं आत्याच्या प्रत्येक थांबण्याला नंबर दिलेला. एका तासात ४१ ट्रॅक. जात्याची घरघर असती तर यंत्र असं फसलं नसतं.

हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्रभर हिंडून एक लाखाहून जास्त जात्यावरच्या ओव्या जमवल्या, त्या आज 'पारी'च्या संकेतस्थळावर वाचता-ऐकता येतात. त्यात आत्याच्या पाच-पन्नास ओव्या दुसऱ्या कुणा बाईच्या तोंडच्या नक्की सापडतील. पण आठवताना आत्या कशी थांबायची, ते आमच्या सीडीतच आहे, आणि तेही नंबर घालून!

सीडी भरली की एक शेवटचं काम असायचं, 'फायनलाइज'. चकतीच्या आतल्या कडेला अनुक्रमणिका डागायची. ती डागेपर्यंत सीडी त्या रेकॉर्डरशिवाय दुसऱ्या कुठल्याही प्लेअरवर वाजत नाही आणि डागल्यावर तिच्यात काही घालता येत नाही. याला दोन-चार मिनिटं लागायची, आणि तेवढ्या वेळात वीज जाता कामा नये. २००५ नंतरची आमच्याकडची भारनियमनाची वर्षं आठवा. वर्तमानपत्रात आलेलं वेळापत्रक मी कापून रेकॉर्डरवरच चिकटवलं होतं. तरीही एकदा वेळापत्रकाच्या वीस मिनिटं आधी वीज गेली आणि बहिणीच्या लग्नातल्या मंगलाष्टकांची चकती ना भरलेली ना कोरी, अशी अधांतरी राहिली. यंत्र ती घेईना. तिच्यावर बरीच वर्षं चहाचा कप ठेवायचो.

मला खरी तक्रार करायची आहे ती मात्र यंत्राच्या दुसऱ्या एका गुणाबद्दल, आणि तो दोष एका कंपनीचा नव्हता. हे रेकॉर्डर साध्या, संगणकासाठीच्या कोऱ्या सीड्या घेत नसत. त्यांना 'म्युझिक' असा शिक्का असलेल्याच लागायच्या. प्लास्टिक तेच, रसायन तेच, फरक फक्त चकतीवर आधीच कोरलेल्या एका खुणेचा. आम्हाला त्या तिप्पट-चौपट भावानं पडायच्या, म्हणून तर दहाच होत्या. याचं मूळ अमेरिकेच्या १९९२ च्या कायद्यात आहे. घरी लोक गाण्यांच्या प्रती काढणार आणि रेकॉर्ड कंपन्या बुडणार, या भीतीपोटी तिथं अशा यंत्रांवर २ टक्के आणि कोऱ्या माध्यमांवर ३ टक्के आकार बसवला, तो कलाकार आणि कंपन्यांत वाटायचा. जर्मनीनं तर १९६५ सालीच रेकॉर्डिंगच्या यंत्रांवर असा आकार घेतला होता. आपल्याकडं असा कुठलाच आकार नाही. म्हणजे सांगलीत बसून मी महागाची चकती घेत होतो ती दुसऱ्यांच्या कायद्यापायी, आणि आत्याच्या ओव्यांचे पैसे आत्याला कुणी देणार नव्हतं.

त्याच कायद्यानं यंत्रात एक पहारेकरीही बसवला होता. डिजिटल तारेनं सीडीची प्रत एकदा काढता येते; त्या प्रतीची प्रत निघत नाही. आत्याच्या सीडीवरून मी बेळगावच्या भाचीसाठी एक प्रत काढली. तीन वर्षांनी भाची ती घेऊन आली. तिच्या भावाला हवी होती. माझी मूळ सीडी तेव्हा कुणीतरी ऐकायला नेलेली. म्हटलं, हिच्याच सीडीवरून काढू. बटण दाबलं तर पडद्यावर अक्षरं आली: प्रत काढण्यास मनाई. माझी आत्या, माझा माइक, माझी कॅसेट, आणि मनाई करणार कोण? भाची हसून हसून बेजार. शेवटी डिजिटल तार उपसून लाल-पांढऱ्या पिना खोचल्या. त्या वाटेनं गेलं की पहारेकऱ्याला काही दिसत नाही. टेलिफोन खात्यातल्या माणसाला हे सुचायला दहा मिनिटं लागली. ज्याला नसेल सुचलं, त्याच्या घरी एकच प्रत राहिली असेल.

आपला १९५७ चा कॉपीराइट कायदा याबाबतीत बराच समजूतदार आहे. त्याच्या ५२ व्या कलमात खासगी वापरासाठी केलेल्या रास्त वापराला मुभा आहे, आणि २०१२ च्या दुरुस्तीनं ती ध्वनिमुद्रणांनाही लागू झाली. बाजारातली कॅसेट किंवा सीडी सर्रास उतरवून विकणाऱ्याची बाजू मी घेत नाही. सांगलीच्या बाजारात अशा टेपांचे ढीग मी पाहिलेत आणि त्यापायी चांगल्या गाणाऱ्यांचं झालेलं नुकसानही पाहिलंय. पण चोर पकडायला लावलेलं कुलूप घरच्या माणसालाच बाहेर ठेवू लागलं, तर ते कुलूप बनवणाऱ्याला जाब विचारायला हवा. आवाज टिकतो तो प्रती वाढल्यावर, आणि हे यंत्र तर प्रती वाढू नयेत म्हणूनच असं घडवलेलं होतं.

हे तेव्हा इतकं स्वच्छ कळलं असतं तर २००७ साली मी तो गाढवपणा केला नसता. पन्नास-साठ कॅसेट उतरवून झाल्या, सीड्या ओळीनं कपाटात लागल्या आणि मला वाटलं, झालं. 'फायनलाइज' या शब्दानंच घात केला. तासगावकडं आमच्या पुतण्याची शेती आहे. जोंधळा हुरड्यात आला की पाखरं उतरतात, म्हणून शेतकरी कॅसेटचं रीळ उपसून काठ्यांना बांधतात. वारा लागला की ते थरथरतं, घूं घूं वाजतं आणि चमकतं. पुतण्यानं मागितल्या आणि मी चाळीसएक कॅसेट पिशवीत भरून दिल्या. वडिलांची १९८३ ची त्यातच होती, आत्याचीही. जानेवारीत शेतावर गेलो तेव्हा ते सगळं वाऱ्यावर गुणगुणत होतं. मला तेव्हा गंमत वाटली होती. फोटोही काढला होता.

उरलेल्या १९ कॅसेट नुसत्या आळसापायी राहिल्या, खालच्या कपाटात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या वर गेली. तिथं ४५ फुटांना धोका पातळी म्हणतात. आमचं घर गावभागात. खालचा मजला पाण्यात. पाणी उतरल्यावर चिखलातून कॅसेटही निघाल्या आणि सीड्याही. सीड्या मी नळाखाली धरल्या, मऊ फडक्यानं मधून कडेकडं पुसल्या आणि वाटलं, बघा, शेवटी सीडीच जिंकली. कॅसेट नाइलाजानं उघडल्या, रिळं स्वच्छ पाण्यातून काढली, सावलीत वाळवली, नव्या डब्यांत भरली. १९ पैकी ११ वाजल्या. आवाज थोडा बसलाय, पण वाजतात.

सीड्यांचा खेळ तिथून पुढं सुरू झाला. ज्यांवर मी हौसेनं रंगीत कागदी लेबलं चिकटवली होती, त्यांचे कागद ओले होऊन सुटले आणि जाताना चंदेरी पापुद्रा बरोबर घेऊन गेले. चकती उजेडात धरली तर आरपार दिसायची. लोक सीडीची चमकती बाजू जपतात. खरा धोका वरच्या, नाव लिहायच्या बाजूला असतो. खालून प्लास्टिकचा जाड थर आहे, वरून मात्र चांदीवर लाखेचा नुसता हात मारलेला असतो. बॉलपेननं दाबून नाव लिहिलंत तरी आतलं गाणं दुखावतं. आणि आत जे डागलेलं असतं ते सेंद्रिय रंगाच्या थरात. उन्हानं, दमटपणानं, नुसत्या वयानंही तो रंग उतरतो. पूर न पाहिलेल्या, वरच्या कपाटात निवांत बसलेल्या माझ्या सीड्याही २०२१ पासून एकेक करून गप्प होऊ लागल्या.

कॅसेट माणसासारखी म्हातारी होते. आधी वरचे सूर जातात, मग सरसर वाढते, आवाज डुलायला लागतो. आपल्याला कळतं की हिचं काही खरं नाही, करायचं ते आत्ताच करा. सीडी तसं कळू देत नाही. वाचताना झालेल्या चुका भरून काढायची सोय तिच्यात आहे, त्यामुळं आतून कितीही पोखरली तरी बाहेर आवाज ठणठणीत. ज्या दिवशी चुका त्या सोयीच्या हाताबाहेर जातात, त्या दिवशी थेट 'नो डिस्क'. सीडी आतून बाहेर वाचली जाते आणि बिघाड बहुतेक वेळा बाहेरच्या कडेकडून सुरू होतो, म्हणून शेवटचे ट्रॅक आधी जातात. आत्याची माझ्याकडची मूळ सीडी ३५ व्या ट्रॅकपर्यंत वाजली, पुढं नुसती टिकटिक. भाचीच्या सीडीवर, ज्या प्रतीची प्रत काढायला यंत्रानं मनाई केली होती तिच्यावर, सगळे ४१ आहेत. बेळगावला जाऊन मी ते लॅपटॉपवर उतरवून आणले. प्रवासभर लॅपटॉप मांडीवरून खाली ठेवला नाही.

म्हणून सांगतो, १९९८ ते २०१० च्या दरम्यान घरी किंवा दुकानातून भरून घेतलेल्या सीड्या तुमच्या कपाटात असतील, तर यंदाची दिवाळी त्यांच्यासाठी राखून ठेवा. नव्या लॅपटॉपला सीडीची खाचच नसते. यूएसबीला जोडायचा बाहेरचा ड्राइव्ह घ्या. एमपीथ्रीत चेपू नका, आहे तसाच वेव्ह किंवा फ्लॅकमध्ये उतरवा. हार्ड डिस्क हल्ली स्वस्त आहे, माझ्यासारखी सोळा मिनिटं गाळायचं कारण उरलेलं नाही. एक प्रत दुसऱ्या गावी ठेवा, पूर सगळ्या गावांना एकदम येत नाही. आणि कॅसेट अजून असतील तर सीडी विसरा, थेट कॅसेटवरूनच उतरवा आणि नंतर त्या कुणाच्याही शेतावर धाडू नका.

कॅसेट-सीड्या पेनड्राइव्हवर करून देणारी दुकानं आहेत. काही जण काम मनापासून करतात. पण अशाच एका ठिकाणाहून माझ्या मित्राला १२ कॅसेटची १२ गाणी-फोल्डरं मिळाली, नावं एक ते बारा. त्यातल्या दोन कॅसेटची दुसरी बाजू लावलीच नव्हती. फोल्डर नऊमध्ये बोलणारी म्हातारी कोण, हे दुकानदाराला कसं कळणार? मित्रालाही कळेना. ज्यांना कळलं असतं त्या त्याच्या मावशी गेल्या वर्षी गेल्या. हे काम घरच्या माणसानं, घड्याळाच्या गतीनं, घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला शेजारी बसवूनच करायला हवं.

पण त्यासाठी लागणारा डेक आता घरोघरी कुठं आहे? माझी मागणी छोटीच आहे. महाराष्ट्रात १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली अनुदान घेणारी हजारो वाचनालयं आहेत. तालुक्याला एका वाचनालयात एक चालू कॅसेट डेक, एक सीडी ड्राइव्ह आणि एक साधा संगणक असावा, आणि पुस्तक घरी न्यावं तशी सभासदाला दोन तासांची पाळी मिळावी. वर्षभर चर्चासत्रं आणि सत्कारांवर होणाऱ्या खर्चातून एखादा हार कमी केला तरी ते जमेल. आमच्या गावात, जिथं १८४३ साली विष्णुदास भावे यांचं 'सीतास्वयंवर' झालं, तिथं नाटकाच्या तालमींच्या, बैठकींच्या, कीर्तनांच्या कॅसेट किती घरांत पडून असतील, याची मोजदाद कुणी केली आहे?

ते होईपर्यंत रविवारी दुपारी माझ्याकडं तीन-चार घरची मंडळी येतात. मागच्या खेपेला एका वहिनींनी सिनेमाच्या संवादांचं छापील लेबल असलेली कॅसेट आणली. वरच्या कोपऱ्यातली मोडलेली टिकली सेलोटेपनं बुजवलेली, म्हणजे वर दुसरं काहीतरी भरलंय हे कळत होतंच. लावली तर बारसं. कुणाचं, ते अजून ठरायचंय. दोन जावांत वाद आहे. अर्ध्यावरच डेकनं मान टाकली, आतला रबरी पट्टा सैल झाला होता. मिरजेच्या एका जुन्या मेकॅनिकनं पुढच्या आठवड्यात आणून देतो म्हटलंय. दोघी जावा तोवर बोलत नाहीत.